अजून एक आटा

नवी कोरी वस्तू घरात आली की ती चुकीचीच असणार, असं धरून चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि नशीब बघा, बेलापूरच्या ऑफिसात तोच माझा साहेब होता आणि सानपाड्याला माझ्याच विंगमध्ये, बरोबर माझ्या डोक्यावर राहत होता. दिवसभर त्यांचं बोलणं ऐकायचं आणि घरी आलं की त्यांचं कपाट सरकताना ऐकायचं. कपाट भिंतीला समांतर नाही, ही त्यांची कायमची तक्रार. ते इतक्या वेळा समांतर झालं की शेवटी त्याचा एक पाय मोडला आणि मग ते खरोखरच तिरकं झालं.

हा माणूस मला आवडत नसे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला मोठ्या मनाचा वगैरे समजायला नको.

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, साहेब स्टीलची पट्टी ठेवत. त्या पट्टीने ते आमच्या टिपणांचे समास मोजत. मजकुराशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. एकदा एका टिपणात कोणीतरी भलत्याच गावाचं नाव घातलं होतं. समास बरोबर होता, त्यामुळे टिपण सही होऊन वर गेलं आणि त्या गावाला न मागितलेली विंधनविहीर मंजूर व्हायची वेळ आली. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. सकाळी आल्याआल्या ते भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत, घड्याळ थोडं पुढे करत, आणि मग शिपायाला विचारत, "चहा कुठाय?"

घरातही तेच. "वस्तू विकत घेतली म्हणजे निम्मं काम झालं," ते म्हणायचे. "उरलेलं निम्मं आपण करायचं असतं. कंपनीवाल्यांना घाई असते." हे उरलेलं निम्मं त्यांनी मिक्सरवर केलं, तेव्हापासून त्यात चटणी वाटली की माझ्या घरातली भांडी थरथरत. फ्रिजवर केलं. पायांखाली पुठ्ठे सरकवून सरकवून तो असा काही समतल केला की दार आपणहून उघडायला लागलं. वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, दाराला स्टूल लावून ठेवायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे हो. स्टुलाला तरी काही करत नाहीत."

तर असा माणूस रिटायर झाला, सोसायटीचा चेअरमन झाला आणि त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. पांढरीशुभ्र, आवाज नाही, धूर नाही. आमच्या पार्किंगमध्ये तिची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, वहिनींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, साहेबांनी नारळ फोडला. सगळे पेढा खात होते आणि साहेब गाडीपुढे उकिडवे बसून पट्टीने हेडलाइटची जमिनीपासूनची उंची मोजत होते. कुंकू अजून वाळलंही नव्हतं.

"लाइट खाली मारतोय," ते म्हणाले.

"साहेब, आत्ताच शोरूममधून आलीय."

"म्हणूनच."

त्या गाडीत स्टिअरिंगच्या बाजूला लाइट वरखाली करायचं एक छोटं चक्र होतं. मी ते दाखवलं. साहेबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते म्हणाले, "ते खेळणं आहे, पोराबाळांना गप्प बसवायला दिलंय. खरा स्क्रू आत असतो." आणि दुर्दैवाने तो आत होता. बॉनेट उघडलं की लाइटच्या पाठीमागे, लांब पेचकस घातला की पोचेल असा.

दर रविवारी सकाळी हा सोहळा चाले. लाइट भिंतीवर पाडून बघायचा तर अंधार पाहिजे, म्हणून साहेब सोसायटीच्या गणपतीतले सजावटीचे काळे पडदे काढत आणि आपल्या पार्किंगच्या खांबांना बांधून घेत. त्या पडद्यांवर मागच्या वर्षीच्या देखाव्यातल्या चांदण्या चिकटवलेल्या होत्या. त्या चांदण्यांत गाडी उभी, समोर सोसायटीची भिंत. आमच्याकडे भिंतींना खालच्या अर्ध्या भागात तांबडा ऑइलपेंट मारतात, लोक थुंकतात म्हणून. तांबडा संपून पांढरा सुरू होतो ती रेघ म्हणजे साहेबांची समुद्रसपाटी. उजेडाची वरची कड त्या रेघेवर आली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. ही रेघ पेंटरने पान खात खात नुसत्या नजरेने मारलेली आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

गाडीत वजनही पाहिजे. "रिकाम्या गाडीचा लाइट काय बघायचा? नेहमीइतकी माणसं बसली पाहिजेत," म्हणून वहिनी पुढे, मी मागे, आणि माझ्या शेजारी गावाहून आलेलं ज्वारीचं पोतं. ते पोतं वहिनींच्या बहिणीच्या जागी होतं. सगळी पार्किंग ऐकेल अशा आवाजात साहेब बायकोला विचारत, "अगं, तुझं वजन आता किती आहे? खरं सांग, त्यावर लाइट अवलंबून आहे." वहिनी काचेतून सरळ समोर बघत बसायच्या.

मग साहेब भिंतीकडे बघत. डोळे बारीक करत, मान मागे नेत, पुन्हा पुढे येत.

"फोकस फाटलाय," ते म्हणत. "कड कुठंय? नुसतं धुकं दिसतंय."

मागच्या सीटवरून मला ती कड चाकूने कापल्यासारखी स्वच्छ दिसत होती. मी तसं सांगितलं.

"आरं, तुला समास कधी सरळ दिसला होता का?" रागावले की त्यांच्या तोंडून सातारा बाहेर पडे. "खाली हाय म्हणून फाटलाय. वर घेतला की जुळंल. अजून एक आटा."

आणि पेचकस फिरे. दर रविवारी एक आटा. महिनाभरात उजेडाने ती तांबडी रेघ ओलांडली, वरचा मीटरचा बॉक्स ओलांडला आणि तो 'येथे पार्किंग करू नये' या पाटीवर जाऊन बसला. धुकं मात्र साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे होतं तिथेच होतं.

तुर्भ्याच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी दोनदा मशीनसमोर लावून लाइट पुन्हा होता तसा करून दिला. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्क्रूवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे कोणी फिरवला तर कळावं. साहेबांनी घरी येऊन ठिपका खरवडला. "बघ, दोष झाकायला रंग लावतायत," असं मला म्हणाले. चेहऱ्यावर केवढं समाधान! उभ्या नोकरीत एकही भ्रष्टाचार न पकडलेल्या माणसाला शेवटी एक सापडला होता.

गाडी गेटातून आत वळली की पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरात लख्ख उजेड पडे. काकू म्हणायच्या, "संध्याकाळचा दिवा लावायची गरजच नाही राहिली, चेअरमन येतात ना." आमचा वॉचमन संध्याकाळी सातला काळा गॉगल घालून बसू लागला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, तेव्हा साहेबांनी तो 'ऐनवेळचे विषय' यात टाकला आणि वेळ संपली म्हणून मीटिंग संपवली.

पण खरी मजा पाम बीच रोडवर. समोरून येणारी प्रत्येक गाडी यांना डिपर मारायची. एक मारी, दोन मारी, काही तर कळवळून मारतच राहायच्या. आणि साहेब? साहेब हसून त्यांना उलटा डिपर मारायचे.

"बघितलंस? इलेक्ट्रिक गाडी दिसली की सलाम करतात लोक. शिकलेला एरिया आहे."

मी हे कपाळावर हात न मारता ऐकलं, यातच माझी सगळी नोकरी आली.

त्यांचे डोळे गेलेत हे बिल्डिंगमध्ये कोणाला माहीत नव्हतं, असं समजू नका. शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जिन्यात ते माझ्या बायकोला वॉचमन समजून पाण्याच्या मोटरबद्दल झापत. वहिनींनी त्यांना एकदा कसंबसं चष्मेवाल्याकडे नेलं होतं. तिथे गर्दी होती. नंबर येईपर्यंत साहेबांनी बाकावर बसून, आतल्या लोकांचं ऐकून ऐकून अक्षरांचा बोर्ड पाठ केला. खुर्चीत बसले आणि वरपासून खालपर्यंत एका दमात म्हणून दाखवला. चष्मेवाल्याला शंका आली. त्याने बोर्ड फिरवून मागची आकड्यांची बाजू पुढे केली. साहेबांनी आकड्यांच्या बोर्डावरून पुन्हा तीच अक्षरं वाचली. "मोतीबिंदू पिकलाय, लगेच दाखवा," असं चष्मेवाला म्हणाला. साहेब उठले, त्याच्या दुकानाची पाटी तिरकी आहे असं त्याला सांगितलं आणि बाहेर पडले. हे मला वहिनींनी सांगितलं, हसत हसत. हसू संपल्यावर मात्र त्या गप्प झाल्या, आणि का, ते मला तेव्हा कळलं नाही.

ते कळलं एका संध्याकाळी. वाशीला एका लग्नाला जायचं होतं, साहेबांनी बळेच मला मागे बसवलं. गाडी निघाली आणि वहिनी पुटपुटायला लागल्या. हात मांडीवर, नजर समोर, ओठ हलतायत. मला वाटलं, स्तोत्र म्हणतायत. त्या गाडीत देवाचं नाव घेणं अगदी साहजिक होतं. मग गाडीला आवाज नसल्यामुळे हळूहळू शब्द कानावर आले.

"डावीकडे स्कूटर... पुढे सिग्नल, लाल... थांबा... आता हिरवा... खड्डा, खड्डा... बाई रस्ता ओलांडतेय, हातात पोर आहे..."

आणि प्रत्येक वेळी, जरा उशिराने, साहेब गुरगुरत, "दिसतंय, दिसतंय."

म्हणजे ही गाडी साहेब चालवतच नव्हते. गाडी वहिनी चालवत होत्या, तोंडाने. बाजार, बँक, लग्न, मुंज, सगळीकडे ही बाई अख्खा रस्ता बोलून दाखवत होती आणि हा गृहस्थ 'दिसतंय' म्हणत होता. त्याच्या अडाणीपणाचं मला हसू यायचं, त्या दिवशी पहिल्यांदा चीड आली. लाइटचा स्क्रू फिरवायला दर रविवार होता, डॉक्टरकडे जायला एक सकाळ नव्हती.

आणि त्यातच साहेबांनी जाहीर केलं की गावच्या जत्रेला यंदा नव्या गाडीने जायचं. मुलगी पुण्याला असते, वाटेत तिच्याकडे थांबून पाच वर्षांच्या नातीला बरोबर घ्यायचं आणि संध्याकाळचं ऊन उतरल्यावर निघायचं, म्हणजे खंबाटकी घाट अंधार पडल्यावर. "लाइटची खरी परीक्षा घाटातच," ते म्हणाले. नातीने फोनवर 'आबा, मी पुढे बसणार' असं कबूलसुद्धा करून घेतलं होतं.

वहिनी माझ्याकडे आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत नाही आल्या.

"भाऊजी, रस्त्याचं मी सांगते हो," त्या म्हणाल्या. "इथला रस्ता मला पाठ आहे. घाटात मी काय सांगू? मलाच कळायचं नाही वळण कुठंय. आणि पोर मांडीवर... तुम्ही बोला ना जरा. तुमचं ऐकतील."

माझं ते कधीच ऐकत नसत, तरी मी वर गेलो. सरळ सांगितलं, "साहेब, लाइट बरोबर आहे. डोळे दाखवा. नातीला घेऊन घाटात जाऊ नका." खाली मान घालून नाही, तोंडावर सांगितलं. रिटायर झालेल्या साहेबाला एवढं तरी सांगता येतं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुझा शर्ट एका बाजूला लांब आहे. बटण चुकलंय."

चुकलं नव्हतं.

जत्रेच्या आदल्या रविवारी त्यांनी शेवटचा आटा फिरवला. "आता परफेक्ट," म्हणाले. "संध्याकाळी एक राउंड मारू, तू पण चल." वहिनी म्हणाल्या, "स्टेशनमागच्या रुंद रस्त्याने जाऊ, तिथं रविवारी गाड्या नसतात." मी मागे बसलो. शेजारी ज्वारीचं पोतं होतं. गाडी गेटाबाहेर पडली, दिवेलागणीची वेळ होती, आणि वहिनींनी तोंड मिटलं.

नुसतं मिटलं. हात मांडीवर, नजर समोर, ओठ बंद.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. साहेबांच्या आलं. त्यांची मान किंचित डावीकडे कलली, ऐकायला कलते तशी. गाडी हळू झाली. मग आणखी हळू. ते स्टिअरिंगवर पुढे झुकले, नाक काचेला लागेल इतके. मागून एक रिक्षा आली, भोंगा वाजवला, बाजूने निघून गेली. रिक्षावाला ओरडला, "ओ काका, गाडी ढकलताय का चालवताय?"

"अगं," साहेब म्हणाले.

माणूस चालतो त्यापेक्षाही गाडी हळू झाली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. साहेबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"बोलत का नाहीस?"

"काय बोलू? लाइट परफेक्ट झालाय म्हणालात ना?"

"झालाय."

"मग समोर काय आहे, तुम्ही सांगा."

साहेबांनी डोळे बारीक केले. मान मागे नेली, पुढे आणली, भिंतीपुढे करत तशी.

"रस्ता आहे," ते म्हणाले. "मोकळा रस्ता आहे."

समोर, गाडीच्या नाकापासून हाकेच्याही अलीकडे, शहाळीवाल्याची हातगाडी उभी होती. हिरव्यागार शहाळ्यांचा ढीग, त्यावर कोयता, आणि पाठीमागे तो शहाळीवाला, एक हात डोळ्यांवर आडवा धरून दुसऱ्या हाताने 'लाइट खाली, लाइट खाली' असं जीव तोडून खुणावत होता. आमचा सगळा उजेड त्याच्या तोंडावर होता. जगात तेवढा एकच माणूस त्या वेळी इतका स्वच्छ दिसत असेल, आणि तो साहेबांना दिसत नव्हता.

"शहाळीवाला आहे, अहो," वहिनी म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "ढळढळीत माणूस उभा आहे. माझं काय, मी इतके दिवस बसले, अजून बसेन. पोरीला मी या गाडीत बसू देणार नाही. तुम्ही हट्ट केलात तर चाकापुढे आडवी पडेन. आणि मी पडलेली तुम्हाला दिसायचीसुद्धा नाही."

आयुष्यभर साहेबांचं तोंड बंद पडावं म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं, आणि ते पडलं तेव्हा मला वाटलं तेवढा आनंद झाला नाही. हे मी कबूल करतो, पण ते वाईट वाटणं फार वेळ टिकलं नाही. कारण जरा वेळाने ते दार उघडून उतरले, चाचपडत मागच्या दाराशी आले आणि मला म्हणाले, "चालव तू. पण हळू. नवी गाडी आहे."

मग ते ज्वारीच्या पोत्याशेजारी बसून घरी आले. येताना वहिनींनी शहाळीवाल्याकडून तीन शहाळी घेतली, नुकसानभरपाई म्हणून असेल. साहेब पाणी प्यायले आणि स्ट्रॉ तिरका कापलाय म्हणाले.

त्या वर्षी जत्रा हुकली. आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग उजव्याचं. बिल्डिंगमध्ये मात्र साहेबांनी 'बीपीसाठी ॲडमिट झालो होतो' असं सांगितलं, तेही डोळ्यांना हिरवी पट्टी लावून. त्या दरम्यान मी गाडी तुर्भ्याला नेऊन लाइट होता तसा करून आणला, स्क्रूवर ताजा पिवळा ठिपका घेऊन. साहेबांनी तो पाहिला असणार. या वेळी खरवडला नाही.

पुढच्या जत्रेला ते सकाळच्या उन्हात निघाले. मुलगी नातीला घेऊन आदल्या दिवशीच आली होती. नात मागच्या सीटवर पोत्याच्या जागी बसून खिडकीतून सगळ्यांना टाटा करत होती. पार्किंगमध्ये निरोप द्यायला दहाबारा माणसं जमली होती आणि साहेब पुन्हा ते काळे पडदे बांधून त्यांना लाइट लावून दाखवत होते. तांबड्या रेघेच्या खाली, सुरेख कड.

"बघा, कसा कापल्यासारखा पडतोय! मी कंपनीला ठणकावून कळवलं होतं. शेवटी त्यांनी अपडेट पाठवला. ह्या गाड्यांचं बरं असतं, मोबाइलवरनं सगळं दुरुस्त होतं. फक्त हल्ली लोक सलाम करत नाहीत, कौतुक राहिलं नाही कोणाला."

पहिल्या मजल्यावरच्या काकूंना ठसका लागला. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. त्यांनी छोटी बाटली काढली आणि साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"अपडेटचं मग सांगा. आधी थेंब घालून घ्या, उशीर होतोय."

आणि साहेबांनी, इतक्या लोकांसमोर, मुकाट मान वर केली. वहिनींनी एका डोळ्यात थेंब घातला, मग दुसऱ्या. नात खिडकीतून ओरडली, "आबा, हलू नका!" साहेब हलले नाहीत. डोळे मिचकावत तसेच वर, पार्किंगच्या छताकडे बघत राहिले. एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ती ट्यूब," ते म्हणाले, "ती ट्यूब तिरकी लावलीय रे! कोणी लावली ही? कोणा आंधळ्याने लावली?"

सगळे वहिनींकडे बघू लागले. ती ट्यूब गाडी घेतली त्याच वर्षी साहेबांनी लावली होती, शिडीवर चढून, पट्टीने मोजून, स्वतःच्या हाताने.